जमिनीवरचा आवाज : लुईस अल्वारेझ



आपल्याला भावलेल्या एका मोठ्या माणसाचं चरित्र थोडक्यात लिहून द्या, असा निरोप स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ग्रुपवर टाकला आणि तासाभरात नावं वाटली गेली. स्वामी रामानंद तीर्थांवर तिघांनी हक्क सांगितला. शंकरराव चव्हाण आणि डॉ. कलामही लगेच उचलले गेले. मी लुईस अल्वारेझ असं लिहिलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एका मैत्रिणीने वेगळा मेसेज करून विचारलं की बाई गं, हा कोण, आणि आपल्या देगलूरचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. एक आपल्या पायाखालच्या दगडाशी. तो शेवटी सांगते. दुसरा माझ्या कामाशी आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीशी. पण आधी त्या माणसाबद्दल.

विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर मी पुण्यात आले आणि पुण्याचीच झाले. घर लोहगावच्या बाजूला आहे. तिथला विमानतळ मुळात हवाई दलाचा. प्रवासी विमानंही तिथूनच ये-जा करतात, पण टॉवरमधून त्यांच्याशी बोलणारे नियंत्रक हवाई दलाचे असतात. डिसेंबरात सकाळी कधी कधी असं धुकं पडतं की समोरची इमारत दिसत नाही. अशाच एका सकाळी आपल्या वर्गातला एक मित्र चहाला आला होता. तो हवाई दलात रडारवर नोकरी करून निवृत्त झाला. त्याला नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही; वर्गात सगळ्यांत कमी बोलणारा कोण होता, ते आठवा म्हणजे कळेल. मी सहज विचारलं की अशा धुक्यात लढाऊ विमान उतरतं कसं. त्या दिवशी तो तासभर बोलला. ही पद्धत ज्याच्या डोक्यातून निघाली त्या माणसाचं नावही मी त्याच्याचकडून ऐकलं. नंतर जे मिळेल ते वाचत गेले.

लुईस वॉल्टर अल्वारेझ यांचा जन्म १३ जून १९११ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथे झाला. आजोबा स्पेनमधून आलेले डॉक्टर. हवाई बेटांवर त्यांनी कुष्ठरोगावर काम केलं. वडीलही नावाजलेले डॉक्टर. नातवाने मात्र औषधांचा रस्ता धरला नाही. त्याला यंत्रं उघडून बघायची आवड. शिकागो विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांवर काम केलं आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याआधी, १९३३ मध्ये, ते विमान चालवायला शिकले होते. पुढे जवळपास पन्नास वर्षं त्यांनी ही हौस जपली. हे लक्षात ठेवा, कारण विमान उतरवताना माणसाच्या पोटात काय होतं हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ते बर्कलेच्या प्रयोगशाळेत अणुगर्भाचा अभ्यास करत होते. १९४० च्या अखेरीस त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, एमआयटीमध्ये नव्याने उघडलेल्या रेडिएशन लॅबोरेटरीत बोलावून घेतलं गेलं. ब्रिटिशांनी आणलेल्या मॅग्नेट्रॉन नावाच्या छोट्या उपकरणामुळे अगदी बारीक तरंगलांबीचं रडार शक्य झालं होतं. त्याचा युद्धात कुठे कुठे उपयोग करता येईल, हे शोधायचं काम त्या प्रयोगशाळेकडे होतं.

तेव्हाची एक अडचण अशी. इंग्लंडच्या तळांवरून रात्री विमानं निघायची, शत्रूच्या तोफांतून वाचून परत यायची, आणि खाली धुकं असायचं. इंधन संपत आलेलं, धावपट्टी दिसत नाही. लढाईतून जिवंत आलेली पोरं स्वतःच्याच तळाशेजारी आपटून मरायची.

१९४१ मध्ये अल्वारेझ यांनी प्रयोगशाळेत एक नवं रडार पाहिलं. विमानविरोधी तोफांसाठी बनवलेलं ते रडार एकदा विमानाला धरलं की त्याचा पाठलाग आपोआप करायचं. विमान कितीही वळलं तरी सोडायचं नाही. सगळे ते पाहून खूश झाले. अल्वारेझ यांच्या मनात वेगळंच आलं. शत्रूचं विमान नेमकं कुठे आहे हे जर या यंत्राला पाडण्याइतकं अचूक कळतं, तर आपलं विमान नेमकं कुठे आहे हे उतरवण्याइतकं अचूक कळायला काय हरकत आहे? जमिनीवरच्या माणसाने पडद्यावर बघायचं आणि वैमानिकाला रेडिओवरून सांगत राहायचं: थोडं डावीकडे, आता सरळ, जरा उंच आहेस, खाली ये.

धुक्यात उतरण्याच्या दुसऱ्या पद्धतीही तेव्हा तयार होत होत्या. त्यांत विमानात एक नवा डायल बसवायचा असे आणि त्यावरचे काटे बघत वैमानिकाने स्वतः उतरायचं असे. म्हणजे हजारो विमानांत नवं यंत्र आणि हजारो वैमानिकांना नवं शिक्षण. अल्वारेझ यांनी हे उलटं केलं. सगळं अवघड काम जमिनीवर ठेवलं. रडार जमिनीवर, गणित जमिनीवर, शिकलेली माणसं जमिनीवर. विमानात लागणार काय, तर प्रत्येक विमानात आधीपासून असलेला साधा रेडिओ आणि ऐकणारे दोन कान. थकलेल्या, घाबरलेल्या, कदाचित जखमी माणसाकडून नवीन काही मागायचं नाही. मी सॉफ्टवेअरच्या कामात पंचवीस वर्षांजवळ आले आहे, आणि अडचणीतल्या माणसाचं ओझं वाढवू नये हा विचार इतक्या सरळपणे अमलात आणलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

पण वैमानिक न दिसणाऱ्या माणसाचं ऐकेल का, हा प्रश्न होताच. त्यासाठी रडारची वाट न बघता त्यांनी आधी जमिनीवरून दुर्बिणीच्या यंत्रांनी विमानाचा माग घेऊन, नुसतं बोलून वैमानिकाला खाली आणून पाहिलं. ते जमलं. मग १९४२ मध्ये खरं रडार लावलं आणि ते सपशेल फसलं. विमान जमिनीजवळ आलं की रडारला दोन विमानं दिसायची. एक खरं आणि एक जमिनीतलं प्रतिबिंब, लेंडीच्या पाण्यात काठावरचं झाड उलटं दिसतं तसं. रडार मधेच खऱ्याला सोडून खोट्याच्या मागे जायचं. जिथे चूक परवडत नाही, नेमकी तिथेच चूक.

अल्वारेझ खचले. त्यांना सावरलं आल्फ्रेड लूमिस या ज्येष्ठ सहकाऱ्याने. एका संध्याकाळी जेवायला बोलावून लूमिसनी त्यांना सांगितलं की या युद्धात आंधळ्या धुक्यात विमानं उतरवायचा दुसरा मार्ग नाही, तेव्हा तोडगा निघाल्याशिवाय आज उठायचं नाही. त्या रात्री नवा आराखडा निघाला. पाठलाग करणारं रडार सोडून दिलं. त्याऐवजी पंख्यासारखे दोन पातळ झोत: एक डावीकडून उजवीकडे फिरणारा, दुसरा वरून खाली. एक सांगणार की विमान धावपट्टीच्या रेषेत आहे की बाजूला. दुसरा सांगणार की ते ठरलेल्या उतारावर आहे की वरखाली. झोत इतका पातळ की जमिनीतलं प्रतिबिंब वेगळं ओळखता यावं. हे सगळं ट्रकवर चढवलं. पद्धतीला नाव मिळालं ग्राउंड कंट्रोल्ड अप्रोच, म्हणजे जीसीए. वैमानिक तिला नुसतं टॉक-डाउन म्हणू लागले.

१ जानेवारी १९४३. ऱ्होड आयलंडमधल्या क्वॉन्सेट पॉइंट या नौदलाच्या तळावर जीसीएच्या चाचण्या चालू होत्या. नौदलाची काही विमानं यायची होती आणि ती पोहोचायच्या अर्धा तास आधी हिमवादळाने तळ झाकून टाकला. चाचणी करणाऱ्या मंडळींनी रडारवर विमानं शोधली. बोलण्यासाठी त्यांनी टॉवरला मधे घेतलं. ट्रकमधला माणूस टॉवरला सांगणार, टॉवर वैमानिकाला सांगणार. अशा उसन्या आवाजावर एक विमान बोलत बोलत धावपट्टी दिसेल अशा जागी आणलं आणि ते सुखरूप उतरलं. प्रत्यक्ष संकटात ही पद्धत वापरली गेली ती पहिल्यांदा तेव्हा.

आता हे बोलणं कसं चालतं ते माझ्या मित्राने सांगितलं तसं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

सुरुवातीला दोन्ही बाजू बोलतात. नियंत्रक धावपट्टीचा क्रमांक सांगतो, हवेचा दाब सांगतो, म्हणजे वैमानिक आपला उंचीमापक जुळवून घेतो. कोणत्या दिशेने वळायचं, किती उंचीवर यायचं, तेही सांगतो. वैमानिकाने नुसतं हो म्हणून चालत नाही. ऐकलेले आकडे त्याने परत म्हणून दाखवायचे. चुकला तर नियंत्रक लगेच दुरुस्त करतो. आकडे एकेक करून उच्चारायचे. लोहगावची धावपट्टी अठ्ठावीस नव्हे, तर दोन-आठ. आपल्याकडे एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये कितीदा गोंधळ व्हायचा, आठवतं ना? तसंच रेडिओच्या खरखरीत इंग्रजी पाच आणि नऊ सारखे ऐकू येतात, म्हणून नऊला नाइनर म्हणतात. चाकं खाली घेतलीत ना, याची आठवणही लष्करी नियंत्रक करून देतो. दमलेला माणूस तेवढंच विसरू शकतो.

मग विमान शेवटच्या उतारावर येतं आणि नियंत्रक सांगतो की आता यापुढे उत्तर देऊ नका. तिथून फक्त एकच आवाज चालू राहतो. दिशेत दोन-तीन अंशांची दुरुस्ती. उतारावर आहात. किंचित वर आहात. रेषेत आहात. धावपट्टी इतके मैल. उतार साधारण तीन अंशांचा असतो, म्हणजे एका सागरी मैलाला जवळपास ३०० फूट खाली यायचं. होकायंत्र बिघडलेलं असेल तरी चालतं. मग नियंत्रक अंश सांगत नाही. वळायला लागा म्हणतो, आणि हवी ती दिशा आली की थांबा म्हणतो.

मला हे ऐकताना श्रुतलेखन आठवलं. मराठीच्या बाई वाक्य सांगायच्या, आम्ही मान खाली घालून लिहायचो. मधे कोणी बोलायचं नाही. बाईंचा आवाज एका लयीत वर्गातून फिरत राहायचा, आणि त्या लयीवर भरवसा ठेवून चाळीस पेनं चालायची.

पण टॉक-डाउनमध्ये याच्या जोडीला एक नियम आहे, आणि त्याने मी सुन्न झाले. अमेरिकन पद्धतीत वैमानिकाला आधीच सांगून ठेवतात की शेवटच्या उतारावर ५ सेकंद माझा आवाज आला नाही, तर उतरू नका. वर निघून जा. ताशी २७० किलोमीटर वेगाने येणारं विमान ५ सेकंदांत ३७५ मीटर पुढे जातं आणि सहा मजली इमारतीएवढं खाली येतं. म्हणून शांततेचा अर्थ सगळं ठीक आहे असा घ्यायचा नाही. शांततेचा अर्थ आवाज तुटला असा घ्यायचा. सांगण्यासारखं नवीन काही नसलं, तरी नियंत्रकाने उतारावर आहात, रेषेत आहात, हे बोलतच राहायचं. गप्प बसण्याची जबाबदारी जमिनीवरच्या माणसाची.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत असताना रात्री दोन वाजता ग्राहकाकडची यंत्रणा बंद पडली. तिथे आमचा एक नवा मुलगा होता, नोकरीला लागून चारच महिने झालेले. मी घरून फोनवर त्याला एकेक आज्ञा सांगत होते आणि तो टाइप करत होता. एका टप्प्यावर मला शंका आली आणि मी माझ्याकडची नोंद वाचायला लागले. वाचण्यात दीड-दोन मिनिटं गेली. थांब, एवढा एक शब्दही मी बोलले नाही. त्याला वाटलं, आधीची आज्ञा लागू झाली नाही. त्याने ती पुन्हा दिली. ती दुसऱ्यांदा चालली आणि ग्राहकाच्या अर्ध्या दिवसाच्या नोंदी पुसल्या गेल्या. जुन्या प्रतीवरून त्या परत आणेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

खरी चूक त्यानंतरची. अहवालात लिहिलं गेलं की सूचना नसताना कनिष्ठ कर्मचाऱ्याने आज्ञा पुन्हा दिली. बैठकीत ते वाचून दाखवलं तेव्हा मी समोर बसले होते. अक्षरशः पाहिलं तर ते खरंच होतं, आणि मी गप्प राहिले. त्या मुलाने काही महिन्यांनी नोकरी सोडली. माझ्या मित्राने ५ सेकंदांचा नियम सांगितला त्या सकाळी मला कळलं की मी त्या मुलाच्या बाबतीत दोनदा गप्प बसले होते.

आपल्या मराठीच्या बाईंचं आठवतं? श्रुतलेखनात अर्ध्याहून जास्त वर्गाचा एखादा शब्द चुकला, तर त्या कोणाच्या हातावर पट्टी मारत नसत. आपणच नीट उच्चारला नसेल म्हणायच्या आणि तो शब्द पुन्हा घ्यायच्या. तेव्हा आम्हाला वाटायचं, आज वाचलो.

अल्वारेझ यांच्याकडे परत येते. १९४३ च्या उन्हाळ्यात जीसीएचे ट्रक इंग्लंडला गेले आणि ब्रिटिश हवाई दलाची लँकॅस्टर विमानं त्या आवाजावर उतरू लागली. तिथे हे यंत्र सांभाळणाऱ्यांत आर्थर क्लार्क नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे विज्ञानकथांमुळे जगप्रसिद्ध झालेला आणि श्रीलंकेत स्थायिक झालेला तोच. या अनुभवावर त्याने एक कादंबरीही लिहिली. युद्धानंतर अल्वारेझ यांना या कामासाठी अमेरिकन विमानविद्येतला मानाचा कॉलियर पुरस्कार मिळाला. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली तेव्हा त्या शहराला कोळसा आणि पीठ विमानांनी पुरवावं लागलं. हिवाळ्यातल्या ढगांतून काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक विमानं उतरवण्याचं काम याच पद्धतीने केलं. नियम असा होता की उतरायची संधी एकदाच. चुकली तर माल घेऊन परत जायचं, कारण मागचं विमान येऊन ठेपलेलं असायचं.

प्रवासी विमानांनी मात्र शेवटी काट्यांची पद्धत स्वीकारली, कारण वैमानिकांना निर्णय आपल्या हातात हवा होता. तेही समजण्यासारखं आहे. लष्कराने आवाजाची पद्धत सोडली नाही.

आतापर्यंतचं वाचून तुम्हाला हा माणूस देवासारखा वाटला असेल, तर पुढचंही सांगायला हवं. युद्धाच्या उत्तरार्धात अल्वारेझ लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या कामात गेले. बॉम्बमधली अनेक स्फोटकं एकाच क्षणी पेटली पाहिजेत, त्यासाठीचे डिटोनेटर तयार करण्यात त्यांचा आणि त्यांच्या विद्यार्थ्याचा मोठा हात होता. हा विद्यार्थी जीसीएच्या कामातही त्यांच्यासोबत होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या सोबतीला जे दुसरं विमान होतं, त्यात अल्वारेझ स्वतः बसले होते. स्फोटाचा दाब मोजणारी उपकरणं त्यांनी पॅराशूटने खाली सोडली. ती उपकरणं रेडिओवरून आकडे वर पाठवत होती. थकलेल्या पोरांना घरी आणण्यासाठी जो माणूस जमिनीवरून वर बोलायची वाट बांधत होता, तो आता आकाशात बसून खालून येणारे आकडे टिपत होता. खाली पाहिलं तर त्यांना शहर दिसेना. आधी वाटलं, बॉम्ब चुकला. मग कळलं की शहरच उरलेलं नाही.

परतीच्या प्रवासात त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, वॉल्टरला, एक पत्र लिहिलं. हजारो माणसांच्या मृत्यूत आपला वाटा आहे याचं दुःख त्यात होतं, आणि या भयंकर शस्त्रामुळे यापुढची युद्धं टळतील अशी आशाही. ती आशा कितपत खरी ठरली, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे १९५४ मध्ये ओपेनहायमर यांच्या चौकशीत अल्वारेझ यांनी त्यांच्या विरोधात साक्ष दिली. हायड्रोजन बॉम्बचे ते खंदे समर्थक होते. मोठ्या माणसाबद्दल लिहिताना फक्त सोयीचं लिहायचं, तर ते कंपनीच्या अहवालासारखं होईल. तशी एक चूक मी केलेली आहे.

युद्धानंतर ते मूलकणांच्या संशोधनाकडे परतले. द्रवरूप हायड्रोजनच्या मोठ्या टाकीत कणांच्या वाटा बुडबुड्यांच्या रेषेत दिसतात. असे मोठमोठे बबल चेंबर बांधून, त्यांतली लाखो छायाचित्रं संगणकाने तपासायची पद्धत त्यांच्या गटाने बसवली आणि अनेक नवे कण शोधले. त्यासाठी १९६८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. इजिप्तच्या एका पिरॅमिडमध्ये गुप्त खोल्या आहेत का, हे विश्वकिरणांच्या मदतीने न फोडता पाहण्याचा उद्योगही त्यांनी केला. खोल्या नव्हत्या. नाहीत, हेही त्यांनी आनंदाने जाहीर केलं.

आणि आता आपला दगड. विमानात बसून ज्याला पत्र लिहिलं, तो वॉल्टर मोठा होऊन भूशास्त्रज्ञ झाला. इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळच्या खडकात त्याला मातीचा एक पातळ थर सापडला. त्या थराखाली डायनासोरच्या काळातले सूक्ष्मजीव, वर ते नाहीत. बापलेकांनी दोन रसायनतज्ज्ञांसोबत तो थर तपासला, तर त्यात इरिडियम हा धातू नेहमीपेक्षा सुमारे ३० पट. इरिडियम पृथ्वीच्या पाठीवर फार कमी असतो, अशनींमध्ये बराच असतो. १९८० मध्ये त्यांनी मांडलं की एक प्रचंड अशनी आदळून पृथ्वीवरचा तो सगळा जीव संपला.

विरोध झाला, आणि त्यातल्या एका गटाने बोट दाखवलं ते आपल्याकडे. दख्खनचा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा थंड झालेला लाव्हा. काळ तोच. त्या लाव्हाच्या वायूंनीच डायनासोर मारले, असं या गटाचं म्हणणं. उदगीरकडून देगलूरला येताना बसच्या खिडकीतून पाहिलंत तर मागे काळा दगड असतो, आणि आपल्या आणि बिलोलीच्या बाजूला करडे-गुलाबी ग्रॅनाइटचे गोटे दिसू लागतात. तो लाव्हा इथे येऊन संपतो. आपण ज्या खडकांवर चढून चिंचा पाडायचो, ते त्याहून कितीतरी जुने, आणि त्यांच्या पलीकडे जगातल्या एका मोठ्या वादाचा आरोपी पसरलेला. शाळेत असताना हे कळलं असतं, तर भूगोलात मला जास्त मार्क पडले असते.

या वादात अल्वारेझ विरोधकांशी फार कडवटपणे वागले. जीवाश्मतज्ज्ञांना त्यांनी जाहीरपणे कमी लेखलं. १ सप्टेंबर १९८८ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जमिनीखाली दडलेलं सुमारे १८० किलोमीटर रुंद विवर हीच त्या आघाताची खूण आहे, हे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी पुढे आलं. आज बहुतेक शास्त्रज्ञ अशनीला मुख्य दोषी मानतात. दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, हा वाद अजून चालू आहे.

नोबेल, बॉम्ब, डायनासोर अशा या भल्यामोठ्या आयुष्यातून मी माझ्यापुरती एकच गोष्ट उचलली. जो वर अडकला आहे, त्याला काही दिसत नाही. ज्याला दिसतं आहे, त्याने बोलत राहायचं. आणि विमान चुकलं, तर आधी स्वतःचा आवाज तपासायचा.

गेल्या महिन्यात मी त्या मुलाचा नंबर शोधला आणि फोन केला. आता तो मुलगा राहिलेला नाही. हैदराबादला आहे, त्याच्या हाताखाली बारा माणसं आहेत. मी त्याला सांगितलं की त्या रात्री चूक माझी होती आणि दुसऱ्या दिवशी ती कबूल न करणं ही त्याहून मोठी चूक होती. तो पलीकडे थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला की इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपणच उतावीळपणा केला. आपल्याला हे काम जमत नाही असं वाटूनच त्याने तेव्हा नोकरी सोडली होती. रागावला नाही. फोन केल्याबद्दल त्याने माझे आभार मानले, आणि ते मला रागापेक्षा जड गेले.

आमच्या टीमचा आता एक नियम आहे. रात्रीच्या कामात मार्गदर्शन करणाऱ्याने काही सुचत नसलं तरी दर थोड्या वेळाने बोलायचं: वाचते आहे, थांब, काही करू नकोस. नवी मुलं हसतात. हसू देत.

मेळाव्याला मी दोन दिवस आधी देगलूरला पोहोचते आहे. मराठीच्या बाईंची तब्येत बरी नसते आणि त्यांना आता कमी ऐकू येतं, असं कळलं. त्यांना भेटून एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा विचार आहे, सावकाश आणि स्पष्ट. उच्चार चुकला तर त्या नक्की थांबवतील.